४७व्या वर्षी लाईन बदलायचीये, पगारासाठी नाही, पटत नाही म्हणून

पाऊलवाट_४७

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४७, २२ वर्षं एकाच क्षेत्रात, कर्जवसुली. मी स्वतः फोन करत नाही, जे फोन करतात त्यांनी काय बोलायचं ते मी लिहिते. म्हणजे समोरचा म्हणाला पगार झाला नाही की हे वाक्य, म्हणाला घरात आजारपण आहे की ते वाक्य, चिडला तर तिसरं. पगार चांगला आहे, वरिष्ठ वाईट नाहीत, कुणी मला त्रास देत नाही, हे मुद्दाम सांगतेय कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो की ऑफिसात काही झालं का.

झालं ते एवढंच. मागच्या वर्षी मी काही रेकॉर्डिंग ऐकत होते, स्क्रिप्ट नीट वापरली जातीये का ते बघायला. एक वयस्क माणूस, आवाजावरून सत्तरीचे असतील. आमच्याकडे फोन करणाऱ्या एका मुलाने त्यांना विचारलं, "हे तुमच्या मुलांना कळलं तर त्यांना काय वाटेल?" हे वाक्य माझं आहे. मी लिहिलंय. ते बोलून झाल्यावर पलीकडून आवाजच नाही. मी स्क्रीनवर बघत होते, खाली सेकंद पळत होते आणि वरची लाट सपाट झालेली, ११ सेकंद. मग ते गृहस्थ हळू आवाजात "बरं" म्हणाले. नुसतं "बरं". त्या वाक्याने वसुली वाढली होती आणि त्याबद्दल टीमसमोर माझं कौतुकही झालं होतं.

दुसरी बाजू अशी की गेली सहा वर्षं मी रविवारी अंध मुलांसाठी वाचायला जाते, परीक्षा असली की लेखनिक म्हणून बसते. तिथे एका मुलीला भूमिती समजावत होते, ‘त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायावर लंब’ हे तोंडी सांगून सांगून थकले, मग तिथल्या बाईंनी रबरी मॅट काढली, त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद लावला आणि पेनाने रेघ ओढली, तर ती रेघ उठून वर येते, बोटाला लागते. मुलीने बोट फिरवलं, लंबाशी आल्यावर थांबली आणि म्हणाली, "अच्छा, हा सरळ खाली पडतो." दोन आठवडे ते वाक्य डोक्यातून जाईना.

तर विशेष शिक्षिकेचा कोर्स करावा असं वाटतंय. पण मला कळत नाहीये की हे खरंच माझ्या मूल्यांचं वगैरे आहे की मी फक्त थकलेय, आणि थकलेल्या माणसाला दुसरीकडचं सगळं हिरवंच दिसतं. घराचं कर्ज अजून सहा वर्षं आहे, मुलगा कॉलेजात जाईल. या वयात शून्यापासून सुरू करणं हा वेडेपणा तर नाही ना? ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा, धीर देण्यासाठी नको.

---

रात्रपाळी

ताई, मी ४५व्या वर्षी बदललं, आता ५४ आहे. आधी कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग, आता शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या देखभालीचं काम, त्यासाठी वर्षभर ट्रेनिंग घेतलं. बहुतेक रात्रपाळी.

एकच गोष्ट सांगतो, तेवढी नीट ऐका. कामाचं नाव बघू नका, कामाचे तास बघा. मी जेव्हा ठरवलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर काय होतं, तर मी कुणाच्या तरी उशाशी बसलोय, हात हातात आहे, शांतता आहे. प्रत्यक्षात आठ तासातले असे किती असतात? दहा मिनिटं, आणि तीही रोज नाहीत. बाकी काय असतं तर दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, चादर बदलायची, किती पाणी गेलं किती लघवी झाली ते लिहायचं, नातेवाईकांमधली भांडणं ऐकायची, पुन्हा कूस बदलायची.

आणि मला जे आवडलं ते यातलंच निघालं, मी कल्पनेत बघितलेलं नाही. शेवटच्या दिवसांत माणूस तोंडाने श्वास घेतो, तोंड कोरडं पडतं, जीभ अक्षरशः चामड्यासारखी होते. ओल्या स्पंजने ओठ, हिरड्या, जिभेची कड पुसून काढायची, पाणी घशात जाता कामा नये. पहिल्यांदा शिकलो तेव्हा माझे हात थरथरत होते. आता एका रात्रीत पंधरा वेळा करतो आणि कंटाळा येत नाही. कारखान्यात मी लाखो नगांचं प्लॅनिंग केलं, एकाचाही चेहरा बघितला नव्हता.

तुमची ती भूमितीची गोष्ट छान आहे पण ती रविवारची आहे. रविवारी पाहुणी म्हणून गेलं की सगळं गोड असतं. एखाद्या मंगळवारी सुट्टी टाका आणि त्या बाईंना विचारा, मी दिवसभर तुमच्या मागे बसू का. सकाळच्या हजेरीपासून शेवटचा रिपोर्ट लिहीपर्यंत. कंटाळवाणा भाग बघा. तो जर तुम्हाला सोसवेल, नाही, सोसवेल नाही, तो करावासा वाटेल, तर पुढचं बोलू.

---

शब्दाविना

मी समुपदेशन करते, नोकरीच्या प्रश्नांवर लोक येत असतात, त्यामुळे थकवा की मूल्यं या प्रश्नावर लिहिते.

तुम्ही दोन्ही एकमेकांपासून वेगळं मानताय. तसं नेहमी नसतं. बर्नआऊटवर सगळ्यात जास्त काम केलेल्या ख्रिस्तिना मास्लाक आणि मायकल लायटर यांनी माणूस कामात का जळून जातो याची सहा क्षेत्रं मांडली. कामाचा बोजा, कामावर आपला ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी नातं, न्याय, आणि सहावं मूल्यं. म्हणजे कामाचे तास ठीक, पगार ठीक, बॉस ठीक, आणि तरीही माणूस सुकत जातो कारण जे करायला लावलं जातंय ते त्याला आतून मान्य नाही. तुमच्या पोस्टमध्ये यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्ही स्वतःच खोडून टाकल्यात, परत वाचून बघा. राहिली कोणती?

तरीसुद्धा एक पडताळणी मी सगळ्यांना करायला सांगते. सलग दोन आठवडे सुट्टी घ्या, खरी सुट्टी, मेलसुद्धा नाही. परत गेल्यावर पहिल्या तासाला अंगात काय होतं ते बघा. नुसता थकवा असेल तर निदान काही दिवस हलकं जातं. मूल्यांचा सल असेल तर माझ्या पाहण्यात तो पहिल्याच कॉलला परत येतो, आणि विश्रांती झालेली असल्यामुळे जास्त स्पष्ट दिसतो. मात्र झोप गेलेली आहे, भूक नाही, काहीच आवडेनासं झालंय असं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, तशा अवस्थेत मोठा निर्णय नको.

अजून एक. एडगर शाईन म्हणून अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात प्राध्यापक होते, त्यांनी १९६०च्या दशकात तिथल्या मॅनेजमेंटच्या ४४ पदवीधरांना निवडलं आणि दहाबारा वर्षांनी पुन्हा भेटून त्यांच्या नोकऱ्यांचा इतिहास ऐकला. नोकऱ्या वेगवेगळ्या, पण प्रत्येकाच्या निर्णयांमागे एक गोष्ट परत परत येत होती, जी तो काही झालं तरी सोडायला तयार नव्हता. त्याला त्यांनी करिअरचा नांगर म्हटलं, जहाजाला जागी धरून ठेवतो तो नांगर. कुणाचा नांगर स्वातंत्र्य, कुणाचा सुरक्षितता, कुणाचा आपल्या कौशल्यात तरबेज असणं, कुणाचा सेवा. हा नांगर काय आवडतं असं विचारून सापडत नाही. आजपर्यंत पेचात सापडल्यावर तुम्ही काय सोडलंत आणि काय धरून ठेवलंत, हे बघून सापडतो. २२ वर्षांतले चारपाच असे प्रसंग कागदावर लिहा. बढती नाकारली होती का कधी? का? बदली? कुणासाठी भांडलात?

आणि सुरक्षितता निघाली तर लाजू नका. तेही मूल्यच आहे. लोकांना वाटतं मूल्यं म्हणजे फक्त त्याग. मुलाचं शिक्षण नीट व्हावं असं वाटणं हे काय कमी मूल्य आहे? शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये मूल्यांची जी रचना मांडली ती वर्तुळाची आहे, शेजारशेजारची मूल्यं एकत्र नांदतात आणि समोरासमोरची एकमेकांना ओढतात. नवं करून बघणं आणि सुरक्षित राहणं ही समोरासमोर येतात. तुमची ओढाताण होतेय म्हणजे तुमच्यात काही चुकतंय असं नाही, दोन खरी मूल्यं दोन दिशांना आहेत इतकंच.

---

हिशेबी_माणूस

भावनेचं वरच्यांनी लिहिलंय, मी हिशेबाचं लिहितो, कारण मूल्यांसाठी नोकरी सोडलेली माणसं मूल्यांमुळे परत येत नाहीत, हप्त्यामुळे परत येतात. हे मी माझ्या डोळ्यांनी तीन वेळा बघितलंय.

सगळ्यात आधी नव्या कामाचा पगार नक्की किती असेल ते तिथे काम करणाऱ्या दोघातिघांना विचारून काढा, जाहिरातीतला नको. मग राजीनामा न देता पुढचे सहा महिने घर तेवढ्याच पैशात चालवा. खरंच तेवढ्याच. उरलेला पगार दुसऱ्या खात्यात, ज्याचं कार्ड घरात नाही. याने दोन कामं होतात, एक तर घराला आधीच सवय लागते, आणि दुसरं म्हणजे कोर्सच्या काळात लागणारी गंगाजळी तयार होते. तिसऱ्या महिन्यात घरात कुरबुर सुरू झाली तर ती आत्ता झालेली बरी, नोकरी सोडल्यावर नको. कर्जाचे हप्ते आणि मुलाची फी नव्या पगारात बसतच नसेल तर तेही याच सहा महिन्यात कळेल, मग तारीख पुढे ढकला, विचार रद्द करू नका. आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो का तेही बघा, बरेच जण हे विसरतात आणि मग ऐनवेळी धावपळ.

२२ वर्षं फुकट जातील असं कुणी म्हणालं तर त्यावर एक सांगतो. १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या दोघांनी लोकांना एक प्रश्न विचारला. समजा तुम्ही दोन सहलींची तिकिटं काढलीयेत, एक १०० डॉलरची, एक ५० ची, आणि ५० वालीत जास्त मजा येईल असं तुम्हाला वाटतंय. आता लक्षात आलं की दोन्ही एकाच शनिवार-रविवारी आहेत, पैसे परत मिळत नाहीत, एकच निवडा. अर्ध्याहून जास्त लोकांनी १०० वाली निवडली! कमी मजेची, पण जास्त पैसे भरलेली. पैसे दोन्हीकडचे गेलेलेच होते. तुमची २२ वर्षंही खर्च झालेली आहेत, तुम्ही थांबा किंवा जा. साठीपासष्टीपर्यंत काम करायचं म्हटलं तर अजून १३ ते १८ वर्षं आहेत, निर्णय फक्त त्यांचा घ्यायचाय.

---

परतलेली

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

४२व्या वर्षी मोठ्या कंपनीतलं अकाउंट्सचं काम सोडून मी एका समाजसेवी संस्थेत गेले. नाव घेत नाही. तुमच्याइतकीच मनापासून गेले होते. १४ महिने टिकले. तिथे पण टार्गेट होतं, फक्त त्याला लाभार्थी म्हणायचे. देणगीदाराला पाठवायच्या अहवालात आकडे गोल करायला सांगायचे, मी नाही म्हणाले तर "तुला कामाची तळमळ नाही". कंपनीत निदान संध्याकाळी सहाला घरी जाता यायचं, तिथे सेवा म्हणून रात्री नऊलाही फोन. ज्या खोटेपणाला कंटाळून गेले तो तिथे जास्त गोड शब्दात भेटला, आणि मला सगळ्यात जास्त दुखलं ते हे की तिथे तक्रार करायची सोय नव्हती, चांगल्या कामाविरुद्ध कशी तक्रार करणार.

परत आले. पण आधीसारखी नाही आले. आता मी छोट्या पुरवठादारांची बिलं वेळेत निघतील एवढं एक काम स्वतःकडे ओढून घेतलंय, कुणी सांगितलेलं नव्हतं. पूर्वी ती तीनतीन महिने पडून असायची, मोठ्यांची आधी निघायची. आता छोटी आधी निघतात. एवढ्यावर मी सकाळी उठून ऑफिसला जाऊ शकते.

एमी व्रेसनिएव्स्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये याच्यावर लिहिलंय, हॉस्पिटलमधले सफाई कामगार बघून. काहींसाठी काम म्हणजे फक्त फरशी. काही जण तेच काम करताना रुग्णांशी बोलायचे, नर्सच्या सोयीने कामाची वेळ बदलायचे, आपण रुग्ण बरं होण्यातले आहोत असं समजायचे. पद तेच, पगार तोच, पण काम बदलून टाकलं होतं त्यांनी.

म्हणून तुम्हाला विचारते, थोडं बोचेल. ते वाक्य तुम्ही लिहिलंय असं तुम्ही म्हणता. ते अजून स्क्रिप्टमध्ये आहे का? एक वर्ष झालं. तुम्ही ते काढलंत का? तुम्ही निघून गेलात तर ते वाक्य तिथेच राहील आणि अजून कुणाला तरी ११ सेकंद गप्प करेल. २२ वर्षांनी ते काढायची ताकद जर कुणाकडे असेल तर ती तुमच्याकडे आहे, विशेष शिक्षिका झाल्यावर ती नसेल.

---

पाऊलवाट_४७

@परतलेली, नाही काढलं. आहे अजून.

तुमचं वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. मला सगळ्यातून निघून जायचं होतं, पण ते वाक्य काढावं हे एकदाही सुचलं नाही, किंवा सुचलं असेल आणि मी तिकडे बघितलं नसेल. कौतुक झालेलं वाक्य आहे, ते काढायचं म्हणजे आधी मोठ्याने म्हणावं लागेल की मी चूक केली. उद्या बोलते.

---

रात्रपाळी

@परतलेली, तुमचं बरोबर आहे, पण एक भर घालतो. आत राहून बदलणं आणि सोडून जाणं यातलं एकच खरं असं नसतं. जोसेफ रोटब्लाट, अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. जर्मनीच्या आधी आपण बनवायला हवा म्हणून गेले होते. १९४४ च्या शेवटी कळलं की जर्मनी काही बॉम्ब बनवत नाहीये, तेव्हा ते प्रकल्प सोडून निघाले, वय ३६. बाकीचे राहिले. पण पुढे त्यांनी केलं काय? भौतिकशास्त्र सोडलं नाही, तेच ज्ञान घेऊन लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात गेले आणि किरणोत्साराचा शरीरावर काय परिणाम होतो यावर आयुष्य घातलं. शिवाय अण्वस्त्रांविरुद्ध वर्षानुवर्षं काम केलं, त्याला १९९५ चं शांततेचं नोबेल मिळालं. म्हणजे सोडलं ते काय, तर उद्देश. हातातलं कसब नाही सोडलं.

ताईंना मला हेच म्हणायचंय. शून्यापासून असं तुम्ही लिहिलंत ते मला पटलं नाही. कुठला शब्द समोरच्याच्या कुठे लागतो हे तुमच्याइतकं किती जणांना कळतं? आजवर ते घाबरवायला वापरलं गेलं. न दिसणाऱ्या मुलीला लंब म्हणजे काय हे शब्दात सांगणं, हेही तेच कसब आहे.

---

नाणेफेक

थोडक्यात लिहितो. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी एक प्रयोग केला होता, २०२० मध्ये छापून आला. ज्यांना नोकरी सोडू की नको असा मोठा निर्णय होत नव्हता त्यांनी वेबसाईटवर नाणं उडवायचं, २०,००० पेक्षा जास्त वेळा नाणी उडवली गेली. नाण्याने ज्यांना ‘बदल कर’ सांगितलं ते बदल करण्याची शक्यता जास्त होती, आणि ज्यांनी मोठा बदल केला ते सहा महिन्यांनी न बदलणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते. पण हे त्याच लोकांबद्दल आहे जे काठावर बसले होते. जे मुळात समाधानी आहेत त्यांना हे लागू नाही. ताई, तुम्ही काठावर वर्षभर बसलाय असं दिसतंय.

---

उंबऱ्याच्या_आत

मी बदल करणारी नाही, बदल करणाऱ्याची बायको आहे. सगळे करणाऱ्यांना विचारतात, आम्हाला कुणी विचारत नाही म्हणून लिहिते.

माझ्या नवऱ्याने ४९व्या वर्षी सेल्समधली मोठी पोस्ट सोडली आणि सायकल दुरुस्ती आणि जुन्या सायकली नव्याने उभ्या करणं हे काम शिकायला एका वर्कशॉपमध्ये गेला. वस्तू फेकून देऊ नयेत, दुरुस्त कराव्यात, असं त्याला पहिल्यापासून फार वाटायचं. माझा विरोध नव्हता. पण त्याने मला सांगितलं कसं, तर एका रात्री जेवण झाल्यावर, "मी ठरवलंय". दीड वर्ष तो मनात घोळवत होता आणि मला त्या दिवशी कळलं. तो दीड वर्ष पुढे होता, मी पहिल्या दिवशी होते, आणि त्याला वाटत होतं मी लगेच आनंदी व्हावं. आमची पुढच्या सहा महिन्यांतली सगळी भांडणं वरवर पैशाची होती, खरं तर ती त्या "मी ठरवलंय" ची होती.

दुसरं, पैशाची तयारी त्याने केली होती, मानाची केली नव्हती. २६ वर्षांचा मुलगा त्याला सांगायचा की चाकाची तार अशी नाही घट्ट करायची, परत कर. संध्याकाळी घरी येऊन गप्प बसायचा. लग्नकार्यात कुणी "सध्या काय?" विचारलं की "असंच, चाललंय" म्हणायचा, मला ते ऐकून वाईट वाटायचं, कारण काम तर तो जीव लावून करत होता. साधारण आठनऊ महिन्यांनी एका समारंभात पहिल्यांदा सरळ म्हणाला, "सायकली दुरुस्त करतो". मी पलीकडे उभी होते. त्या दिवशी मला कळलं की आता हा परत जात नाही.

आता पाच वर्षं झाली. पैसे कमी आहेत, ते कमीच राहणार. पण रविवारी संध्याकाळी त्याचा चेहरा उतरायचा तो आता उतरत नाही, आणि याचा फरक घरातल्या सगळ्यांना पडतो, मुलांना सुद्धा.

म्हणून ताई, एवढंच करा, घरी निर्णय सांगू नका, प्रश्न सांगा. इथे जे लिहिलंत ना, ते ११ सेकंद, ते यजमानांना सांगितलंय का?

---

पाऊलवाट_४७

तीन आठवड्यांनी लिहितेय, काहींनी मेसेज करून विचारलं म्हणून.

वाक्याचं आधी. वरिष्ठांना भेटले, म्हणाले हे वाक्य माझं आहे आणि मला ते काढायचंय. त्यांनी विचारलं वसुली कमी झाली तर? मी म्हणाले महिनाभर निम्म्या कॉल्सवर नवीन स्क्रिप्ट चालवू, त्यात धमकीवजा काही नाही, सरळ विचारायचं की या महिन्यात किती भरणं जमेल आणि कोणत्या तारखेला. ते एकदम हो नाही म्हणाले, पण दोन दिवसांनी परवानगी दिली. निकाल अजून यायचाय. फोन करणाऱ्यांपैकी एक मुलगी जिन्यात भेटली आणि म्हणाली, मॅडम ते वाक्य मी आधीपासूनच गाळत होते, ऐकणाऱ्यांना सापडू नये म्हणून पटकन पुढे जायचे. मला तिला काय बोलावं कळेना. आम्ही दोघी वर्षभर एकाच वाक्याला घाबरत होतो, ती खाली बसून आणि मी वर बसून.

मंगळवारही केला, रात्रपाळीदादा. सकाळी आठ ते साडेचार. तुम्ही म्हणाला होतात तसंच, रविवारचं काहीच नव्हतं. एका मुलाने दोन तास काहीही करायला नकार दिला. बाईंचा अर्धा दिवस पुस्तकांची पानं ब्रेलमध्ये करवून घेण्यात आणि फॉर्म भरण्यात गेला. दुपारनंतर त्यांनी मला ब्रेलची पाटी आणि टोचा दिला. कागदाच्या मागून टोचायचं असतं, त्यामुळे उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि प्रत्येक अक्षर उलटं, मग कागद पालटला की सुलटं वाचता येतं. मला वाटलं होतं बोटांनी वाचायला शिकावं लागेल, या वयात कसं जमणार, तर बाई म्हणाल्या ज्यांना दिसतं ते बहुतेक शिक्षक डोळ्यांनीच वाचतात. एक ओळ लिहायला मला वीस मिनिटं लागली आणि त्यातली चार अक्षरं आरशातली झाली. घरी आल्यावर पाठ दुखत होती. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन सुरू असताना मी वहीच्या कोपऱ्यात सहा सहा टिंबं काढत बसले होते, आपोआप.

समुपदेशक ताईंनी सांगितलेले प्रसंग लिहिले. पाच लिहिले. पाचातल्या चारांत मी पैसा धरून ठेवलाय. हे बघून आधी वाईट वाटलं, मग आठवलं की त्या चारही वेळेला घरी कुणीतरी आजारी होतं किंवा कुणाची फी होती. पाचवा प्रसंग लेखनिक म्हणून गेले तो, ऑफिसची महत्त्वाची मीटिंग सोडून एका मुलाच्या परीक्षेला बसले होते आणि कुणालाही खरं कारण सांगितलं नव्हतं.

राजीनामा दिलेला नाही. हिशेबीदादांचा सहा महिन्यांचा प्रयोग या महिन्यापासून सुरू केलाय, म्हणजे माझ्या बाजूने माझ्या खर्चापुरता, कारण घराचं अजून एकटीने ठरवायचं नाहीये. कोर्सच्या प्रवेशाला अजून पाच महिने आहेत, तोवर शनिवारी ब्रेलचा वर्ग लावलाय.

आणि @उंबऱ्याच्या_आत, नाही, सांगितलं नव्हतं. परवा रात्री सांगितलं, कोर्सचं नाही, नुसतं त्या रेकॉर्डिंगचं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझे बाबा असते तर त्यांनीही ‘बरं’च म्हटलं असतं." बाकीचं आम्ही या रविवारी बोलणार आहोत, मंगळवारचा तो टोचलेला कागद मी त्यांना दाखवायला ठेवलाय.